पिवळ्या रंगाखालचा मोर

आमच्या वर्गात ‘सुंदर’ म्हणायला बंदी होती. एम.ए.च्या पहिल्याच दिवशी मॅडमनी पडद्यावर एक चित्र दाखवलं आणि विचारलं, “काय दिसतंय?” मी पेडण्याहून उजाडायच्या आधीची बस पकडून, म्हापशाला गाडी बदलून, धापा टाकत पहिल्या बाकावर येऊन बसले होते. एवढ्या खटाटोपाचं काहीतरी चीज व्हावं म्हणून मी मोठ्याने म्हणाले, “सुंदर!”

“सुंदर दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या, “सुंदर वाटतं. दिसतंय काय ते सांग.”

मग मला बाईचा हात, हातातलं भांडं, भांड्यावर पडलेला उजेड असं एकेक सांगावं लागलं आणि सांगता सांगता लक्षात आलं की मी ते चित्र पाहिलेलंच नव्हतं. तेव्हा मात्र मला मॅडमचा मनस्वी राग आला. घरी जाऊन आईला म्हटलं, त्या बाईला कशाचंच कौतुक नाही. बाई तशी माझ्या खांद्याला लागेल एवढी. मूळची डिचोलीकडची, पाळी गावची. सुती साडी, डोक्यावर हेल्मेट, स्कूटरच्या हँडलला पुस्तकांची पिशवी. लहानपणी खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ दारावर, केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, आणि त्या धुळीत बोटाने चित्रं काढत आपण शिकलो असं त्या सांगायच्या. घरच्यांना ती धूळ पुसून पुसून कंटाळा यायचा, यांना मात्र रोज नवी पाटी मिळायची.

विद्यापीठात सकाळी सिद्धांत आणि दुपारी प्रत्यक्ष काम असा आमचा दिवस असे. सकाळी रेषा म्हणजे काय यावर डोकं शिणवायचं आणि दुपारी हातातली रेघ सरळ येत नाही म्हणून रडकुंडीला यायचं. मला दोन्ही मनापासून आवडायचं. पण घरी हे समजावून सांगणं महाकठीण. वाड्यावरचं कोणी विचारलं, “काय शिकता गो तू?” की आई “चित्रांचा” म्हणायची, आणि विचारणाऱ्याचा चेहरा मी आजारी असल्यासारखा व्हायचा.

मला तिथे पाठवलं ते काकाने. बाबांचा जीव बी.एड.मध्ये अडकलेला. बाबांचा हा धाकटा भाऊ आमच्याच घरात राहायचा. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते विचारायची कोणाची छाती नव्हती. पेडण्याच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, सिमेंट सगळं ठेवतो, पण त्याचा जीव रंगाच्या डब्यांत. बाबांना तो म्हणाला, “चित्रांचा शिकूक जाऊंदे तिका. नोकरी नाय गावली तर माझ्या दुकानार बसात. लोकांका रंग निवडूक येनत नाय.” बाबा हसले आणि मला दोन वर्षं मिळाली. तिसरं मिळणार नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकलं.

काकाचं प्रेम डब्यातून येतं. मी सायकल चालवायला शिकले तेव्हा त्याने सायकल गुलाबी केली. बारावीला पास झाले तेव्हा माझ्या खोलीचं जनेल हिरवंगार केलं; ते पुढे कितीतरी दिवस चिकटून बसलं आणि उघडेना. आईचा पाटा-वरवंटा एकदा थोडक्यात वाचला. घरात कोणी पाहुणा येणार असला की आधी काका ब्रश घेऊन फाटकाशी दिसायचा. रंग लावणं म्हणजे मान देणं, हे त्याच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यावर तो कधी बोललाही नसेल.

दुसऱ्या वर्षी मी पणजीला वसतिगृहात राहू लागले, आणि प्रबंधाचा विषय ठरवायचा होता. अर्धं काम लिहिण्याचं, अर्धं हाताने करण्याचं. सगळे परगावच्या लेण्यांकडे, परदेशी चित्रकारांकडे धावत होते. मी मॅडमना आमच्या देवळातल्या भिंतीबद्दल सांगितलं. सभामंडपाच्या उजव्या अंगाची ती भिंत कावी कामाची आहे. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा द्यायचा, त्यावर काव म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर चढवायचा, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडत जायचं. जिथे खरवडाल तिथे खालचा पांढरा चुना दिसतो. तांबड्यात पांढरं चित्र तयार होतं. म्हणजे इथे चित्र काढायचं ते रंग लावून नाही, रंग काढून.

आमच्या भिंतीवर एक घोडेस्वार आहे, दिवा धरलेली बाई आहे, वेली आहेत, आणि खाली, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, मान वळवलेला मोर आहे. लहानपणी भजन ऐकताना मी त्या मोराला टेकून झोपायचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठी घासून त्याचा पिसारा पुसट झाला होता. मॅडमनी हे ऐकलं आणि त्या म्हणाल्या, “मला ती भिंत दाखव.”

मॅडम कोणाचंही काम असं घरी जाऊन बघत नसत. मी हवेत होते. घोडेस्वाराचं मोजून मापून रेखाटन झालं होतं. मोर, बाई आणि वेली मॅडम आल्यावर त्यांच्या देखरेखीखाली करायच्या असं ठरलं. देवळात उजेड कमी, त्यामुळे मोबाइलवर काढलेले फोटो चिखलासारखे आले होते. प्रबंध मार्चअखेर द्यायचा होता. त्यात सगळं काही त्या एका भिंतीवर उभं होतं.

घरी फोन करून सांगितलं, आयतारी, म्हणजे रविवारी, मॅडम येतात. फोन काकाने घेतला.

“काय बघूक येतत?”

“आपल्या देवळातली भिंत.”

“भिंत?” काकाने खात्री करून घेतली. मग म्हणाला, “बरां. तू काळजी करू नको.”

मी काळजी केली नाही. तिथेच सगळं फसलं.

आयतारी सकाळी मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून मी गावात शिरले. देवळाच्या पायऱ्यांशीच तो वास आला. नवीन घराला येतो तो, टर्पेंटाइनचा. अंगण शेणाने सारवलेलं, पताका लावलेल्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुसून मांडलेल्या. वाड्यावरची झाडून सगळी माणसं जमलेली. काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभा, कोपराला पिवळा डाग. आणि त्याच्या मागे भिंत. पिवळीधमक. वर ऑइल पेंट, खाली वीतभर चॉकलेटी पट्टा. बाहेरून आलेला उजेड तिच्यावर असा चकाकत होता की त्या चकाकीपलीकडे काही म्हणता काही दिसेना. मोर नाही, बाई नाही, काही नाही.

“बघा मॅडम,” काका म्हणाला, “शिकलेली माणसां येतली म्हणान सगळ्यांनी हात लावलो. काळीकुट्ट झाली होती. आता बघा कशी लखलखता!”

मी मॅडमकडे बघितलंच नाही. मी ओरडले. “काका, खाल्लीस तू माझी भिंत!” आणि रडत पायऱ्यांवर जाऊन बसले. मग काकाचा आवाज आला, अगदी लहान झालेला, “कित्याक? काय झाला?” त्याला कोणीतरी हळू आवाजात सांगत होतं. मला वाटतं मॅडमच असाव्यात. थोड्या वेळाने त्याने त्यांना विचारलं, “म्हणजे... वायट दिसता?”

आणि आमच्या मॅडम, ज्यांच्या वर्गात तो शब्द उच्चारायची सोय नव्हती, त्या म्हणाल्या, “नाही हो. सुंदर दिसते.”

तिथे मी संपावर गेले, कोणाशी बोलेना. मॅडम मात्र आमच्या घरी आल्या, मांडी घालून जेवल्या, आईने केलेलं खतखतं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मणगण्याची कृती विचारली. काका वाढत होता आणि कोणाच्याही पानाकडे बघत नव्हता. निघताना मॅडम पुन्हा एकट्याच देवळात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं बोट पिवळं झालं होतं. “ओला आहे अजून,” एवढंच म्हणाल्या. वाटेत मी रागाने विचारलं, की आता कशावर लिहू? वाऱ्यात त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, ते हेल्मेटमधून ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला माझा अहंकार आड आला.

त्या आठवड्यात मी विषय बदलायच्या खटपटीत होते. उरलेल्या दिवसांत दुसरा विषय होण्यासारखा नव्हता, हे मलाही कळत होतं. गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. “तुझो काका आयतारापासून धड जेवक नाय. आज दुकान बंद केल्यान आणि खयसून तरी घासूची मशीन हाडल्यान. म्हणता, तिची भिंत होती तशी करून देतंय.”

घासायचं मशीन म्हणजे ग्राइंडर. त्याला रंग आणि चुना यातला फरक कळत नाही. रंग गेला असता, आणि त्याच्याबरोबर खरवडलेली प्रत्येक रेघ गेली असती. काकाला फोन लावला, तो उचलेना. फोन वाजला तरी त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तरी तो आधी डबा बंद करतो. मी वही, छत्री सगळं बाकावर टाकून धावत सुटले. पणजीहून म्हापशापर्यंतची बस झटकन मिळाली. पेडण्याची बस मात्र ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत हलेना. त्या दिवशी त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

देवळात पोचले तेव्हा मशीन सुरू होतं. काका स्टुलावर उभा, तोंडाला रुमाल बांधलेला, अंगावर पांढरं पीठ. मी सरळ जाऊन वायर ओढली. मशीन गुरगुरत थांबलं. कोपऱ्यात, खालून हात वर केला तर पोचेल अशी तळहाताएवढी जागा त्याने घासली होती. तिथे पिवळा नव्हता, तांबडाही नव्हता. नुसता गुळगुळीत पांढरा चुना होता. त्या जागी वेलीचं एक टोक होतं.

काकाने त्या जागेवरून बोट फिरवलं. त्यालाही कळलं. तो स्टुलावरून उतरला आणि तिथेच जमिनीवर बसला. “तुका परत दिवची म्हणान करत होतंय गो बाय,” तो म्हणाला. “माका वाटला रंग निघतलो आणि तुझी चित्रां सकयल गावतली.” त्याने रुमाल सोडला आणि तो घडी करत बसला. एवढा मोठा माणूस, लोकांच्या घरांचे रंग ठरवणारा, रुमालाच्या घड्या घालत होता. माझा सगळा राग गळून पडला. मला तो माणूस फार आवडतो. तेव्हा तर इतका आवडला की मी शेजारी बसून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि आम्ही दोघं त्या पिवळ्या संकटाकडे बघत बसलो.

आमचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी ऊन दारातून सरळ आत येतं आणि उजव्या भिंतीला घासत गाभाऱ्याकडे जातं. आम्ही बसलो असतानाच ते आलं. आधी चॉकलेटी पट्ट्यावर, मग वर. आणि ते चढत गेलं तशी भिंतीत एक बारीकशी सावली उमटली. मग दुसरी. रंगाने रेघा बुजल्या नव्हत्या. सळीने खरवडलेली प्रत्येक खाच तशीच खोल होती आणि आडव्या उन्हात तिच्या काठाची सावली पडत होती. दिवा धरलेली बाई आली. घोडा आला. खाचा झिजलेल्या म्हणून सगळ्यात शेवटी, अगदी खाली, मोर आला, पाठींनी पुसट केलेल्या पिसाऱ्यासकट. आता तांबडं नव्हतं आणि पांढरं नव्हतं, म्हणून नुसती रेघ दिसत होती.

“काका,” मी म्हटलं, “काय दिसतंय?”

“मोर,” तो म्हणाला. मग पुढे सरकून, डोळे बारीक करून म्हणाला, “आणि घोड्याचो फुडलो पाय दोन वेळां काढल्यान. पयलो चुकलो वाटता तेचो.”

खरंच तसं होतं. आधी काढलेला पाय जरा खाली होता, तो तसाच सोडून चितारणाऱ्याने दुसरा वर उचललेला काढला होता. तांबड्या-पांढऱ्याच्या गर्दीत ती चुकलेली फिकी रेघ मला कधी दिसली नव्हती. मी तर त्या घोड्याचं मापून रेखाटन केलं होतं! कोण होता तो माणूस, माहीत नाही. पण त्याचा हात चुकला होता आणि ओल्या चुन्यात त्याला ते पुसता आलं नव्हतं, हे त्या पिवळ्या रंगामुळे मला दिसलं. मॅडमना तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या, “तेच तर स्कूटरवर सांगत होते. सुकू दे, मग आडव्या उजेडात बघ. तू ऐकत कुठे होतीस!”

मग पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघांनी भिंतीचे ठसे घेतले. भिंतीवर पातळ कागद चिकटवायचा आणि वरून कोळशाची कांडी आडवी फिरवायची, की खाचा पांढऱ्या राहतात आणि बाकी सगळं काळं होतं. कागद आणि चिकटपट्टी काकाच्या दुकानातली. कागद ताणून धरायचं काम त्याचं. संध्याकाळी तो दुकान लवकर बंद करून यायचा, येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन यायचा, आणि काळ्या हातांनी खाऊ नको म्हणून मला ओरडायचा. ते काळे-पांढरे लांबच लांब कागद हेच माझं प्रत्यक्ष काम ठरलं.

लिहिण्याचं काम मात्र एका वाक्यावर अडलं. पिवळ्या थराबद्दल लिहिणं भाग होतं. मी आधी लिहिलं, ‘अज्ञानातून झालेली हानी’. शिकलेलं, बरोबर वाक्य. ते वाचून दाखवताना मलाच काकाच्या रुमालाच्या घड्या दिसायच्या. खोडलं. मग त्या थराबद्दल काहीच लिहिलं नाही, तर मॅडम म्हणाल्या की जे दिसतं ते सोडायचं नाही. शेवटी जे लिहिलं त्यावरून बाहेरचे परीक्षक मला धारेवर धरणार, अशी धास्ती त्यांनाही होती.

तोंडी परीक्षेला गुंडाळ्या घेऊन काका माझ्याबरोबर पणजीला आला. दालनात ठसे टांगून झाल्यावर त्याला बाहेर थांब म्हणणार होते, पण तो आधीच मागच्या खुर्चीत जाऊन बसला होता, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षक उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. ठशांपुढून ते सावकाश फिरले. घोड्याच्या पायापाशी बराच वेळ थांबले. मग प्रबंध उघडून म्हणाले, “चुन्याचा थर, कावेचा थर, हे समजलं. वरच्या पिवळ्या थराला तुम्ही हानी म्हटलेलं नाही. का?”

मागे खुर्ची करकरली. मी वळून पाहिलं नाही.

“हानी आहेच, सर,” मी म्हणाले. “कोपऱ्यातली वेल कायमची गेली, तेही लिहिलंय. जाणकारांच्या हाताने बाकीचा रंग कधीतरी निघेल. पण भिंतीवर काय आहे हे सांगताना कोणी केलं आणि कशासाठी केलं तेही सांगायला हवं. कावेच्या थराचा चितारणारा आपल्याला माहीत नाही. या थराचा माहीत आहे. माझा काका. पाहुणे येणार होते म्हणून त्याने रंग लावला.”

“हे काही कलेचं कारण झालं का?”

“पहिल्या माणसाचंही तेच असणार, सर. देवळात माणसं येणार, त्यांना बरं वाटावं.”

त्यांनी पुस्तकात काहीतरी खूण केली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि चष्मा पुसत होत्या.

मी पास झाले. बाहेर आल्यावर काकाने पहिल्यांदा विचारलं, “तेंका खराच सांगलंस? मी केलंय म्हणान?” मी हो म्हटलं. तो रिकाम्या गुंडाळीची नळी काखेत घट्ट धरून बसस्टँडकडे चालू लागला.

भिंत अजून पिवळीच आहे. मध्यंतरी देवळाच्या समितीने चवथीच्या आधी नवा हात द्यायचं काढलं तर काकाने साफ सांगितलं, ह्या भिंतीक रंग गावचो नाय, खयच्याच दुकानात. आता विद्यापीठातली मुलं कधीमधी येतात. त्यांना भिंत काकाच दाखवतो. संध्याकाळची वेळ देतो, ऊन यायची वाट बघायला लावतो, आणि कोणी “सुंदर” म्हटलं की म्हणतो, “ता ऱ्हवांदे. दिसता काय ता सांग.” सगळं दाखवतो. बाई, मोर, घोड्याचा चुकलेला पाय. दाखवताना तो कायम एकाच जागी उभा राहतो, डावा हात वर करून भिंतीला टेकलेला. मुलांना वाटतं, वय झालं, आधार घेतात. तो तळहात वेल गेलेल्या जागेवर असतो.